गाडी कुठे झिजलीय?

श्रोतेहो, नमस्कार.

माझा धंदा टायरचा. टायर उतरवायचे, चढवायचे, बॅलन्सिंग करायचं, अलाइनमेंट बघायची. हयात यातच गेली. या काळात स्पोर्ट्स कारही पुष्कळ हाताखालून गेल्या. त्यामुळे लग्नसमारंभात कुणीतरी हमखास गाठतं आणि विचारतं, "काय हो, असल्या गाड्या घेतात तरी कोण?" विचारणाऱ्याकडे उत्तर तयारच असतं. उधळ्या माणूस, बापाच्या पैशावर उड्या मारणारा पोरगा, नाहीतर पन्नाशीत चळ लागलेला गृहस्थ. माझ्याकडून त्याला फक्त दुजोरा हवा असतो.

खरं सांगू? मालकाचं घड्याळ, बूट, बोलणं बघून मला तो एकदाही नीट ओळखता आलेला नाही. गाडी कोणती आहे यावरूनही नाही. एकाच रंगाच्या, एकाच मॉडेलच्या दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या असाव्यात आणि मालकांमध्ये जमीन-अस्मानाचं अंतर असावं, हे कितीदा पाहिलंय. गाडी कुठे झिजलीय ते पाहिलं, की मात्र माणूस कळायला लागतो. मी सुरुवात टायरपासून करतो, कारण मला तेच येतं.

टायरच्या बाजूला एक लांबट चौकट असते, तिच्यात चार आकडे. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. ही झाली जन्मतारीख. दुसरी खूण म्हणजे केस. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात, तुम्ही पाहिले असतील. टायर साच्यात दाबला जातो तेव्हा हवा निसटायला बारीक भोकं ठेवलेली असतात, त्यांत रबर शिरतं आणि हे केस तयार होतात. रस्त्याला टेकणाऱ्या भागावरचे केस गाडी फिरायला लागली की लगेच झडतात. बाजूचे बरेच दिवस राहतात.

आता समजा, गाडी आली. जन्मतारीख नऊ वर्षांपूर्वीची आणि कडेकडेने केस अजून जागच्या जागी. ओळखायचं, हा जपणारा.

जपणाऱ्याची गाडी देवघरासारखी असते. बॅटरी उतरू नये म्हणून चार्जर कायमचा लावलेला. एकाच जागी उभी राहून टायर बुडाशी चपटा होऊ नये म्हणून हा गृहस्थ दर रविवारी गाडी वीतभर पुढे ढकलतो. एकाने तर टायरवर खडूची रेघ ओढून ठेवली होती, मागच्या आठवड्यात कोणता भाग जमिनीला होता ते कळावं म्हणून. पुसायची फडकी दोन, बॉडीचं वेगळं आणि चाकांचं वेगळं. बॉडीचं फडकं जमिनीवर पडलं की ते बाद. उचलून झटकायचंही नाही, कारण त्यात अडकलेला एक खडा रंगावर ओरखडा काढतो. एवढं सगळं करूनही वय काही कुणाला चुकत नाही. उभ्या गाडीचंही रबर कडक होतं, खाचांच्या तळाशी केसासारख्या भेगा पडतात. मी टायर बदला म्हणतो आणि तो म्हणतो, "अहो, पण चाललीच कुठे आहे?" त्याच्या लेखी ही गाडीची स्तुती असते.

पूर्वी मी या माणसांना हसायचो. मग एका बुगाटी गाडीची गोष्ट वाचनात आली. टाइप ५७ एस अटलान्ट, १९३७ सालची. नावातला एस हा फ्रेंच शब्दाचा, अर्थ 'खाली उतरवलेली'. त्या काळाच्या मानाने ही गाडी जमिनीला फारच लगटून होती. पहिला मालक अर्ल हाउ, इंग्लंडमधला नामांकित रेसर. फिरत फिरत ती एका ब्रिटिश डॉक्टरकडे आली. त्याने काही वर्षं चालवली आणि १९६० च्या सुरुवातीला गॅरेजात घालून दार लावून घेतलं. २००७ मध्ये तो वारला तेव्हा ती तिथेच होती, धुळीने माखलेली. २००९ मध्ये पॅरिसच्या लिलावात तिला ३४ लाख युरोंच्या आसपास किंमत आली. पैशाची गोष्ट सोडा. पन्नासेक वर्षं तो माणूस त्या दारावरून ये-जा करत होता, आत काय आहे ते त्याला माहीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. मला ते अजूनही पुरतं समजलेलं नाही, पण हसणं बंद झालं.

जपणाऱ्याची आणि गुंतवणूकदाराची गल्लत करू नका. दोघांच्याही गाड्या उभ्याच असतात, पण गुंतवणूकदाराला आपल्या टायरची तारीख ठाऊक नसते. त्याला किलोमीटर ठाऊक असतात आणि ते वाढू द्यायचे नसतात. फेरारीची २५० जीटीओ एकूण ३६ निघाली, १९६२ ते ६४ मध्ये. त्यातली एक २०१८ साली ४ कोटी ८४ लाख डॉलरला विकली गेली. असे आकडे कानावर पडले की गाडीकडे गाडी म्हणून बघणं कठीणच. फोर्ड कंपनीला याचा अंदाज होता. त्यांनी २०१६ मध्ये जीटी नावाच्या नव्या स्पोर्ट्स कारसाठी चक्क अर्ज मागवले. पहिल्या ५०० गाड्यांसाठी साडेसहा हजारांवर अर्ज आले. ज्यांना गाडी मिळाली त्यांच्याकडून लिहून घेतलं की दोन वर्षं विकायची नाही. कुस्तीगीर जॉन सीनाने ती लवकर विकली, तेव्हा कंपनीने त्याला कोर्टात खेचलं. पुढे प्रकरण तडजोडीने मिटलं. मुलीच्या सासरची चौकशी करावी तशी गिऱ्हाइकाची चौकशी! या मंडळींविषयी याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही. ती माझ्याकडे फारशी येतच नाहीत.

मिरवणारा मात्र येतो आणि लांबूनच ऐकू येतो. या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये झडपा असतात, बटण दाबलं की त्या उघडतात आणि गाडी गुरगुरते. मागचे टायर तुळतुळीत आणि पुढचे नवेकोरे असतील, तर हा सिग्नलवर राहणारा प्राणी. दिवा हिरवा झाला की पाय खाली, चाकं जागच्या जागी फिरतात, धूर निघतो आणि पुढच्या सिग्नलला परत थांबायचं. लोक याच्यावर फार चिडतात. मला त्याची थोडी कीव येते. एवढ्या घोड्यांची ताकद आणि वापर काय तर दोन सिग्नलमधल्या तीनशे मीटरचा.

याच्या अगदी उलट ट्रॅकवाला, म्हणजे शर्यतीच्या बंदिस्त रस्त्यावर गाडी पळवणारा. याची गाडी बहुधा महागडी नसतेच. बरेचदा ती मझ्दा एमएक्स-५ असते. ही दोन सीटची छोटी उघडी गाडी १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात आली. पहिली आवृत्ती टनभराहून हलकी आणि इंजिन १६०० सीसीचं. आकड्यांत काहीच नाही. पण २०१६ पर्यंत अशा दहा लाख गाड्या बनल्या. दोन सीटच्या उघड्या स्पोर्ट्स कारमध्ये एवढा खप दुसऱ्या कुणाला जमला नाही. ट्रॅकवाल्याचा पुढचा टायर बघायला मजा येते. बाहेरची कड तासल्यासारखी झिजलेली, कारण वळणावर सगळा भार तिथेच येतो. शिवाय ट्रॅकवर पडलेल्या रबराचे गोळे त्याला चिकटलेले. गाडीच्या आत गालिचा काढून टाकलेला, डिकीत हेल्मेट आणि टॉर्क रेंच, म्हणजे नट मोजून आवळायचा पाना. हा माणूस बोलतो फक्त ब्रेक ऑइलवर. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, मग जोरात तापलं की उकळतं, बुडबुडे धरतं आणि नेमक्या वळणाच्या तोंडाशी पेडल पायाखाली ढिलं पडतं. हे त्याला एकदा झालेलं असतं आणि तो ते लग्नाच्या तारखेपेक्षा जास्त लक्षात ठेवतो. याची पंढरी म्हणजे जर्मनीतलं नुर्बुर्गरिंग. तिथला जुना, २०.८ किलोमीटरचा रस्ता ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कुणालाही मिळतो. एक फेरी मारून आलेला माणूस मी पाहिलाय. हात थरथरत होते आणि तो नुसता हसत होता.

रोज चालवणाऱ्यांची मला सगळ्यांत जास्त कदर आहे. टायर चारही सारखे झिजलेले, बोनेटवर खड्यांचे टवके, काचेवर किडे. पुढची खालची पट्टी गतिरोधकांवर घासून खरखरीत झालेली. तिरपी गाडी घालायची युक्ती यांना येते, पण कधीतरी विसर पडतोच. विनोदी नट रोवन अ‍ॅटकिन्सन या गटातला. त्याची गाडी मॅक्लारेन एफ-१, अशा एकूण १०६ बनल्या. तीन सीट आणि चालक मधोमध. इतरांनी त्या काचेत ठेवल्या, याने वर्षानुवर्षं चालवली, दोनदा ठोकली, दुरुस्त करून घेतली आणि २०१५ मध्ये विकली. गायिका जॅनिस जॉप्लिनने तिच्या पोर्शे ३५६ वर सगळीकडून फुलपाखरं, चेहरे रंगवून घेतले होते आणि ती गाडी ती गावभर फिरवायची. पोर्शेचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. १९६३ पासूनच्या ९११ ला मागे दोन इवल्याशा सीट असतात. मुलं त्यात जेमतेम मावतात. माझं मत असं की त्या मुलांसाठी नाहीतच, घरच्यांना पटवण्यासाठी आहेत.

आता उशिरा घेणारे. यांच्याविषयी जरा सविस्तर बोलायचंय, कारण यांची टिंगल सर्वांत जास्त होते. केस पांढरे झाले आणि गाडी लाल घेतली, की लोक एकमेकांना कोपर मारतात. यांच्या टायरवर काही दिसत नाही. हवा अगदी नेमकी असते, कारण स्वतःचा गेज ठेवून दर आठवड्याला बघतात. यांची खूण सीटवर असते. चालकाच्या सीटची दाराकडची उंच कड घासून चामड्याचा रंग उडालेला असतो. कारण या गाडीत बसणं सोपं, उठणं अवघड. बूड जमिनीपासून वीत-दीड वीत वर. आधी एक पाय बाहेर, मग हात उंबऱ्यावर, मग त्या कडेवरून सरकत सगळा देह वर उचलायचा. मर्सिडीजच्या १९५४ सालच्या ३०० एसएलची दारं पंखासारखी वर उघडतात, ती काही रुबाबासाठी नव्हेत. सांगाड्याच्या नळ्या बाजूने इतक्या वर आल्या होत्या की नेहमीसारखं दार बसेना. आत शिरता यावं म्हणून स्टेअरिंगही दुमडायची सोय करावी लागली.

असे एक काका माझ्याकडे यायचे. गाडी थांबवली की लगेच उतरायचे नाहीत. आरशात बघायचे, कागद चाळायचे. मला कळायला वेळ लागला, की आजूबाजूला कुणी बघत नाही ना, याची ते वाट बघतात. तेव्हापासून ते आले की मी पाठ करून पाना शोधायला लागायचो. पाना माझ्या हातातच असायचा. एकदा चहा घेताना म्हणाले, पंधराव्या वर्षी या गाडीचं चित्र वहीच्या कव्हरच्या आत चिकटवलं होतं. नंतर घरात माणसं पाच आणि गाडीला सीट दोन. शिक्षणं, लग्नं, आईचं आजारपण. माणसं कमी होत होत दोनवर आली, तेव्हा गाडी घरात बसली. याला कुणी चळ म्हणत असेल तर म्हणो.

आणखी एक जात आहे, जुनी गाडी विकत घेऊन ती खोलून ठेवणारे. गाडी स्टँडवर, इंजिन कोपऱ्यात, नट-बोल्ट चिठ्ठ्या लावलेल्या डब्यांत. असा एकजण माझ्याकडून चार टायर घेऊन गेला, काम संपत आलं म्हणून. सात वर्षांनी पुन्हा चार घ्यायला आला. आधीचे न वापरता जुने झाले होते.

शेवटी एका बाईंची गोष्ट. स्पोर्ट्स कार घेऊन बाई आली की लोक तिच्या शेजारी उभ्या असलेल्या पुरुषाशी बोलतात, मीही बोललोय, कबूल करतो. वास्तविक डेनिस मॅकक्लगेज या पत्रकार बाईने १९६१ मध्येच अमेरिकेतल्या सेब्रिंगच्या बारा तासांच्या शर्यतीत स्वतःची फेरारी उतरवून त्यातला जीटी नावाचा गट जिंकला होता. असो. तर या बाई आल्या, सोबत कुणी नव्हतं. गाडी मी ओळखली. जपणाऱ्याची होती, यजमानांची. ते वर्षभरापूर्वी गेले होते. टायरवर केस तसेच, डिकीत दोन फडकी घडी घालून. म्हणाल्या, "विकायचीय, विकण्याआधी काय करावं लागेल?" मी म्हटलं, ताई, गिऱ्हाइकाला दाखवायला न्यायची झाली तरी या टायरवर नेऊ नका. त्यांनी चारही बदलले आणि हळूहळू चालवत गेल्या.

आठेक महिन्यांनी अलाइनमेंटला गाडी परत आली. काचेवर किडे होते. पुढची पट्टी डाव्या बाजूला चांगली घासली होती. टायरवर केस शोधूनही सापडेना. मी गाडी रॅम्पवर घ्यायला आत बसलो आणि माझे गुडघे स्टेअरिंगला आपटले. सीट पार पुढे ओढलेली होती. मागे सरकवायला हात घातला, तोच त्या बाहेरून म्हणाल्या, "सीटला हात लावू नका हं. महत्प्रयासाने बसवलीय."

मग मी तसाच, गुडघे पोटाशी घेऊन, गाडी रॅम्पवर चढवली.

नमस्कार.