हॅनीची वस्तू

नमस्कार श्रोतेहो. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. बहुतेक मोठ्या दीर्घिकांच्या मधोमध महाकाय कृष्णविवर असतं. त्यात वायू पडू लागला की पडतापडता तो भयंकर तापतो, आणि त्याचा उजेड कधीकधी दीर्घिकेतल्या साऱ्या ताऱ्यांना फिका पाडतो. हे झालं सक्रिय केंद्र. त्या उजेडातले अतिनील आणि क्ष-किरण आसपासच्या अणूंचे इलेक्ट्रॉन उडवतात. इलेक्ट्रॉन गमावलेला वायू, म्हणजे आयनित वायू. एवढं पुरे. मला हॅनीची गोष्ट सांगायची आहे.

हॅनी फान आर्केल ही नेदरलँड्समधली शिक्षिका. क्वीन बँडचा गिटारवादक ब्रायन मे, जो खगोलभौतिकीतला डॉक्टरही आहे, त्याच्या ब्लॉगवरून तिला ‘गॅलेक्सी झू’ या संकेतस्थळाचा पत्ता लागला. तिथे कुणीही बसावं आणि दीर्घिकांची छायाचित्रं पाहून त्यांचे आकार ओळखावेत. (दीर्घिका म्हणजे मुळात लांबट तळं. किती नेमका शब्द! तरी लोक सरसकट ‘आकाशगंगा’ म्हणतात. अहो, आकाशगंगा एकच, आपली!)

तर, २००७ साल. आयसी २४९७ या दीर्घिकेच्या खाली हॅनीला एक निळसर डाग दिसला. हे काय, म्हणून तिने विचारलं. तज्ज्ञांनाही सांगता येईना. डच भाषेत वस्तूला ‘फोरवेर्प’ म्हणतात. तेच नाव पडलं, हॅनीचं फोरवेर्प. खगोलशास्त्रातली नावं म्हणजे एरवी नुसते आकडे. हे मात्र लक्षात राहतं.

पृथ्वीपासून सुमारे ६५ कोटी प्रकाशवर्षांवरचा तो वायूचा ढग निघाला, आपल्या आकाशगंगेएवढा. त्याचा खरा रंग हिरवा. दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनचा हा प्रकाश, तरंगलांबी ५००.७ नॅनोमीटर. पण ऑक्सिजनचे इलेक्ट्रॉन उडवले कुणी? शेजारच्या दीर्घिकेचं केंद्र तर मंद! उत्तर असं की केंद्र पूर्वी क्वेसारसारखं, म्हणजे अतिशय तेजस्वी सक्रिय केंद्रासारखं धगधगत होतं, ते मंदावलं. ढगापर्यंत जाऊन मग आपल्याकडे वळलेला उजेड मात्र हजारो वर्षं मागे पडला. पुन्हा सांगतो: दिवा मंदावला आहे, त्याचा जुना उजेड ढगावर दिसतो आहे. डोंगरावरून परतणारा आवाज ऐकावा, तसं.

आणखी गंमत हबल दुर्बिणीने दाखवली. दीर्घिकेतून सुटलेला वायू ढगाच्या एका लहानशा भागावर आदळतोय, आणि तिथेच कोवळे तारे जन्मलेत. सक्रिय केंद्र एरवी वायू तापवतं, उधळून लावतं, आणि ताऱ्यांची निर्मिती थांबते. इथे वायू दाबला गेला. तापला, उधळला तर तारे नाहीत. दबून दाट झाला तर तारे.

आता, तरुण तापलेले तारेही वायू आयनित करतातच. मग करामत ताऱ्यांची की केंद्राची? त्यासाठी प्रकाश रंगारंगांत फोडतात, तेव्हा प्रत्येक मूलद्रव्याच्या ठरावीक रंगांच्या रेषा दिसतात. त्यात ऑक्सिजनची हिरवी रेषा हायड्रोजनच्या रेषेपुढे किती ठळक आहे, ते पाहतात. केंद्राचे कडक किरण असले की ती फारच ठळक.

पुढे स्वयंसेवकांनी मुद्दाम शोध घेतला, आणि असेच आणखी ढग सापडले. त्यांचं नावही डचच ठेवलंय. अर्थ, छोट्या वस्तू.