ओट्यासमोरचा पाट

(पडद्यावर: चिंचवडचा एक फ्लॅट, सकाळचे साडेसहा. कॅमेरा फरशीलगत. फक्त पाय दिसतायत.)

हे आईचे पाय. आणि पायाखाली जो दिसतोय तो पाट. हो, जेवायला बसायचा लाकडी पाट, आजोळचा, पितळी फुल्या ठोकलेला. आता यावर कोणी बसत नाही, आई यावर उभी राहून पोळ्या लाटते. दोन वर्षांपूर्वी आम्ही किचन नवीन केलं, साडेतीन लाख घातले, सॉफ्ट क्लोज ड्रॉवर, हॉब म्हणजे ओट्यात बसवलेली शेगडी, चिमणी, पांढरं शुभ्र ॲक्रिलिक, सगळं केलं, आणि आई त्यासमोर पाटावर उभी. कारण ओटा 36 इंचाचा आहे आणि आई 4 फूट 11 इंच.

डिझायनरनं सांगितलं होतं की ही स्टँडर्ड हाइट आहे. आम्ही पण मान डोलावली. खोटं कशाला बोलू, मीटिंगमध्ये दीड तास आम्ही शटरच्या रंगावर भांडत होतो, हाइटवर दीड मिनिट पण बोललो नाही. आईला कोणी ओट्यासमोर उभं करून मापच घेतलं नाही, ती तेव्हा सगळ्यांसाठी चहा करत होती.

(पडद्यावर: आई पोळी लाटतेय, खांदे वर उचललेले.)

आता नीट बघा, पाटावरून उतरली की खांदे कसे वर जातात ते. लाटताना, कणीक मळताना जोर हातातून नाही, अंगातून यायला पाहिजे, म्हणजे हात कोपरापासून खाली जायला पाहिजेत. साधा हिशोब असा की चपला काढून सरळ उभं राहायचं, कोपरात हात वाकवायचा, जमिनीपासून कोपर मोजायचं आणि त्यातून चार ते सहा इंच वजा करायचे, तो झाला कापायला, चिरायला ओटा. लाटायला, थापायला त्याहून पण खाली. आईचं कोपर 37 इंचावर येतं, म्हणजे तिला हवा होता 31 ते 33. पाट अडीच इंचाचा आहे, पाटावर चढली की हिशोब जवळपास जमतो. तिनं टेप वगैरे काही लावली नव्हती, अंगानंच शोधून काढलं.

आणि हे नुसतं लाटण्यापुरतं नाहीये. आधी आमच्याकडे ओट्यावर शेगडी होती, ती चार-पाच इंच उंच, त्यावर मोठं पातेलं आठ इंचाचं. हॉब घेतला म्हणून शेगडीची उंची वाचली, ते एक बरं झालं, नाहीतर 36 अधिक 5 अधिक 8, म्हणजे पातेल्याची कड आईच्या खांद्याच्या वर. आत आमटी उकळतेय की नाही हे तिला वासावरून कळलं असतं.

मावशी आली होती दिवाळीत सांगलीहून. तिनं हे किचन बघितलं, हात फिरवला शटरवरून, छान आहे गं ताई म्हणाली, मग पाट दिसला. काही बोलली नाही. रात्री मला म्हणाली, मला पण किचन करायचंय, पण आधी तू सांग, तुमचं काय काय चुकलं ते. तिथून हा व्हिडिओ सुरू झाला.

तर काय काय चुकलं.

मधली भिंत पाडली, ओपन किचन पाहिजे म्हणून. ही दादाची आयडिया. सोसायटीची परवानगी, ती भिंत नुसती विटांची आहे की बीम-कॉलमचा काही संबंध आहे ते इंजिनिअरकडून बघून घेणं, ते सगळं रीतसर केलं, पण एक विचार केला नाही, की आमच्या घरात रोज दोन वेळा फोडणी होते. लसूण-मिरचीची फोडणी आता थेट सोफ्यावर. सुकट भाजली की पडदे दोन दिवस सांगत राहतात. मिक्सर लावला की टीव्ही बंद, आणि पाहुणे आले की आई आधी ओटा आवरते मग पाणी देते, कारण समोरून सगळा पसारा दिसतो. आधी निदान दार ओढून घेता यायचं.

चिमणी आहे की, असं वाटेल. आहे, चांगली आहे. पण खिडकी समोरच्या भिंतीला, मग पाइप वरच्या कपाटांच्या डोक्यावरून नऊ फूट फिरवलाय, तीन ठिकाणी वाकवून. खोक्यावर सक्शनचा आकडा लिहिलेला असतो तो बघून आपण खूश होतो, पण पाइप जितका लांब आणि जितक्यांदा वळवलेला तितका दम कमी होत जातो. शेगडी आणि बाहेरची भिंत जवळ असती तर साध्या चिमणीनं पण काम केलं असतं. म्हणजे चिमणी निवडायच्या आधी शेगडीची जागा ठरवायला पाहिजे होती, आम्ही उलटं केलं.

(पडद्यावर: आई भाजी चिरतेय. तिची सावली चॉपिंग बोर्डवर पडलीये.)

हे बघा. लाइट छताच्या मधोमध, आई त्याच्याकडे पाठ करून, त्यामुळे ती रोज स्वतःच्या सावलीत भाजी चिरते. वरच्या कपाटाखाली एक पट्टी लाइट लावली असती तर संपलं असतं. आता लावायची तर वायर उघड्यावरून न्यावी लागेल, टाइल्स लागल्यात ना. पॉइंटचं पण तसंच. मिक्सर, मायक्रोवेव्ह, फिल्टर, फ्रिज एवढेच मोजले. इंडक्शन नंतर आली, तिला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो, तो एकच आहे आणि तिथे मायक्रोवेव्ह बसलाय. डिशवॉशरला पाण्याची लाइन आणि ड्रेनेज ठेवलंच नाही, कारण आई तेव्हा म्हणाली होती कशाला हवंय ते. आता म्हणते घेऊया का.

एक चूक मात्र हसण्यावारी न्यायची नाही. सिलिंडर ओट्याखालच्या कपाटात गेला, छान शटर लागलं, बाहेरून दिसत पण नाही. शटरला जाळी नव्हती. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर वर जात नाही, खाली साचतो, आणि बंद कपाट म्हणजे त्याला साचायला आयती जागा. गॅसचा माणूस तपासणीला आला तेव्हा त्यानं पहिलं तेच बघितलं. मग शटरच्या खालच्या बाजूला जाळी कापून बसवली, आणि ती नारंगी नळी किती जुनी आहे ते पण त्यानंच विचारलं, दर पाच वर्षांनी बदलायची असते ती, आमची सात वर्षांची होती. पाइपचा गॅस असेल तर उलटं, तो हवेपेक्षा हलका, वर जातो, म्हणून हवा जायला जागा वरती लागते. शेगडी एका गॅसवरून दुसऱ्यावर नेली तर जेट पण बदलावे लागतात.

पांढऱ्या ॲक्रिलिकबद्दल एकच शब्द, हळद.

हे सगळं करताना मी थोडं वाचलं पण, की ही खाली कपाटं, वर कपाटं, मधे ओटा ही पद्धत आली कुठून. 1926 साली जर्मनीत फ्रँकफर्टमध्ये कामगारांसाठी घरं बांधत होते, तिथल्या स्वयंपाकघराचं डिझाइन मार्गारेट शुट्टे-लिहोट्स्की या बाईनं केलं. साधारण सहा फूट बाय अकरा फूट. रेल्वेच्या डायनिंग कारमध्ये एवढ्याशा जागेत एवढं जेवण कसं बनतं ते बघून, बाईची पावलं वाचवायची म्हणून सगळं हाताशी. अशी जवळपास दहा हजार स्वयंपाकघरं झाली. पीठ, साखर, तांदूळ, प्रत्येकाला नाव लिहिलेला ॲल्युमिनियमचा खण. पण जागा इतकी चिंचोळी की दोन माणसं एकत्र काम करू शकत नव्हती, आणि खणांवर जे लिहिलंय ते ठेवायचं सोडून लोकांनी आपापल्या मनाचं काहीतरी ठेवलं. तिनंच नंतर सांगितलं की हे डिझाइन करेपर्यंत तिनं कधी घर चालवलं नव्हतं, स्वयंपाक पण केला नव्हता. तरी तिनं निदान मोजमाप तरी केलं होतं, आमच्या डिझायनरनं कॅटलॉग उघडला.

आपल्याकडे तर बाई उभी राहिली तीच मुळात उशिरा. चूल जमिनीवर, शेजारी वैल, रॉकेलचा स्टोव्ह पण बरेचदा खालीच, पाटावर बसून सगळं. 1955 ला मुंबईत बर्मा शेल कंपनीनं सिलिंडरचा गॅस विकायला सुरुवात केली आणि मग हळूहळू घराघरात शेगडी ओट्यावर चढली, पाट मागे राहिला. आमच्या घरी तो परत आला, एवढंच.

(पडद्यावर: सांगली. मावशीचं घर, तळमजला. भिंतीवर कमरेच्या वर एक पुसट रेघ.)

ही रेघ 2019 च्या पुराची. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी तिथं 45 ची. मावशीच्या स्वयंपाकघरात चार फूट पाणी, पाच दिवस. 2021 ला परत आलं, तेव्हा कमी. पाणी उतरल्यावर मावशी आत गेली तर भिंतीतलं प्लायवूडचं फडताळ फुगून टम्म, दारं उघडेनात, आणि कडप्प्याचा जुना ओटा होता तसाच. चिखल खराट्यानं काढला, ब्लिचिंग पावडर टाकून धुतला, संध्याकाळी त्यावर चहा झाला.

तर मावशी पुण्याच्या एका शोरूममध्ये माझ्याबरोबर आली, तिथल्या मुलानं थ्रीडी दाखवलं, आयलंड वगैरे, आणि मावशीनं एकच विचारलं, पाणी आलं तर? तो म्हणाला मॅडम हे वॉटर रेझिस्टंट आहे. मावशी म्हणाली, अरे बाळा, ग्लास सांडल्यावर नाही, कृष्णा आल्यावर.

खरं सांगायचं तर प्लायमध्ये पण प्रती आहेत, 303 नंबरचा, 710 नंबरचा म्हणजे मरीन, तो ओल्यात बराच टिकतो, पण पाच दिवस गढूळ पाण्यात बुडवून ठेवायला तो पण केलेला नाही. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचा भुगा दाबून केलेल्या बोर्डाचं, तर नाव नको, चहात बुडवलेलं बिस्किट होतं त्याचं. पीव्हीसीचा बोर्ड पाण्याला घाबरत नाही पण शेगडीच्या धगीला घाबरतो आणि स्क्रू सैल पडतात.

मग मावशीनं जे केलं ते आमच्या गवंड्यानं वीस वर्षांपूर्वी पण सांगितलं असतं. कडप्प्याचे खण, वर काळा ग्रॅनाइट, आणि खणात स्टीलच्या ट्रॉल्या. चॅनेलवरून उचलल्या की बाहेर येतात, नदी वाढतीये असं कळलं की ट्रॉल्या उचलायच्या आणि माडीवर न्यायच्या. स्टील 304 चं घेतलं, 202 स्वस्त असतं पण गंजतं. लोक म्हणतात मॅग्नेट लावून बघा, पण 202 ला पण मॅग्नेट धड चिकटत नाही, म्हणून बिलावर लिहून घेतलं. सगळे पॉइंट रेघेच्या वर. पांढरा क्वार्ट्झ नको म्हणाली, तापलेली कढई पटकन खाली ठेवायची सवय आहे तिला, क्वार्ट्झमध्ये रेझिन असतं, डाग पडतो. ग्रॅनाइटला सहसा काही होत नाही.

(पडद्यावर: डायनिंग टेबलवर वर्तमानपत्रांच्या रद्दीचे गठ्ठे, त्यावर फळी, फळीवर परात.)

आणि हाइट. हा माझा आवडता भाग आहे. टेबल 29 इंचाचं, त्यावर रद्दी रचत गेलो, वर फळी, आणि प्रत्येक उंचीला मावशीनं खरंखुरं पीठ घेऊन ज्वारीची भाकरी थापली. भाकरीला अंगाचा भार लागतो, परातीवर वाकता आलं पाहिजे. 34 ला तिसऱ्या भाकरीला हात दुखला. 32 ला बरं. 31 ला ती बोलायचं थांबली आणि नुसती थापत राहिली, तेव्हाच कळलं. पण सिंक 31 ला चालत नाही, कारण भांडी सिंकच्या तळाशी असतात, म्हणजे सात-आठ इंच अजून खाली, कंबर मोडते. शिवाय भांडी मावशी नाही, माझा मावसभाऊ घासतो, तो पावणेसहा फूट. म्हणून सिंकचा भाग 36 वर, बाकी ओटा 31 वर, मधे पायरी. गवंडी म्हणाला वहिनी, हे दिसायला बरं नाही दिसणार. मावशी म्हणाली, दिसायला मी आहे की.

त्यानं भिंतीवर पेन्सिलनं 31 लिहिलं, दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारी प्रश्नचिन्ह काढलेलं होतं. मावशीनं ते ओल्या फडक्यानं पुसलं.

आमच्या किचनचं काय करता येईल ते पण विचारून घेतलं. खालची कपाटं चार इंची पायांवर उभी आहेत, पाय बुटके केले तर ओटा दोन इंच खाली येईल, पण मग ग्रॅनाइट उचलायचा, सिंकची जोडणी सोडायची, आणि ओटा आणि टाइल्सच्या मधे दोन इंचाची उघडी भिंत राहणार. आई म्हणाली राहू दे.

(पडद्यावर: सांगली. नवीन ओटा, अजून सिमेंटचा वास. पहिला दिवस.)

आई बहिणीचं किचन बघायला आली. लाटणं घेतलं, म्हणाली बघू गं, दोन पोळ्या मी करते. ओट्यासमोर उभी राहिली, आणि सवयीनं उजवा पाय पुढे करून फरशीवर इकडं तिकडं चाचपायला लागली.

मावशी म्हणाली, ताई, काय हुडकतीयस?