घाटात तापणारी जुनी पिकअप आणि पंधरा दिवसांचे कोडे

नमस्कार. माझ्या मागे उभी असलेली ही डिझेल पिकअप चौदा वर्षांची आहे आणि वाईहून किराणा किंवा सिमेंट भरून पसरणीच्या घाटाने पाचगणीला जाणे हे तिचे रोजचे काम आहे. गेल्या वर्षभरात तिचा थर्मोस्टॅट बदलला, वॉटर पंप बदलला, रेडिएटरही उघडून साफ करून घेतला; तरी दर वेळी पंधरा-वीस दिवस बरे गेले की घाटाच्या मध्यावर काटा पुन्हा लाल पट्टीकडे सरकू लागतो.

सुटा भाग आणण्यापूर्वी गाडी नेमकी केव्हा तापते, हे पाहावे. ती रहदारीत उभी असताना तापत असेल आणि वेग घेताच काटा उतरत असेल, तर दोष बहुधा पंख्यात किंवा त्याच्या क्लचमध्ये असतो. आमची गाडी मात्र भार घेऊन चढतानाच तापते, म्हणून पंखा मी लगेच बाजूला ठेवला.

आता हे रेडिएटरचे झाकण पाहा. (इंजिन गरम असताना ते कधीही उघडू नका, उकळते पाणी थेट अंगावर येते.) साधे पाणी समुद्रसपाटीला १०० अंशांना उकळते, तर पाचगणीच्या सुमारे १,३०० मीटर उंचीवर ९६ अंशांच्या आसपासच; परंतु झाकणाने ०.९ बार दाब धरून ठेवला, तर हीच मर्यादा ११५ अंशांच्या पुढे जाते. आमच्या झाकणाचे रबर कडक होऊन चिरले होते, म्हणून ते बदलले. एवढ्या स्वस्त वस्तूकडे सर्वांत शेवटी लक्ष जावे, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

झाकण बदलूनही कूलंट (इंजिन थंड ठेवणारे, रेडिएटरमधून फिरणारे पाणी) कमी होत राहिले आणि खाली जमिनीवर मात्र एक थेंबही दिसेना. तेव्हा सकाळी थंड इंजिन सुरू करून मी इंजिनातून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी होज पाइप हातात धरला. पाणी कोमट होण्याआधीच, दोन मिनिटांत, तो दगडासारखा टणक झाला. उष्णतेने दाब वाढायला वेळ लागतो. इतक्या लवकर वाढलेला दाब सिलिंडरमधील वायूचाच असू शकतो, म्हणजे बहुधा हेड गॅसकेट (इंजिनचा ब्लॉक आणि त्यावरचे झाकण, म्हणजे हेड, यांच्यामधला सांधा बंद ठेवणारा पातळ थर) फुटलेले आहे. रेडिएटरच्या तोंडावर लावलेल्या तपासणी-नळीतील, सिलिंडरमधला वायू लागताच रंग बदलणाऱ्या निळ्या द्रवाचा रंग बदलला आणि शंका उरली नाही.

पंधरा दिवसांचे कोडेही इथेच सुटते. प्रत्येक दुरुस्तीत कूलंट पूर्ण भरले जाई, म्हणून गाडी काही दिवस नीट चाले. मग वायू ते थोडे थोडे बाहेर ढकली आणि पातळी पुरेशी उतरली की घाटात काटा चढे.

केवळ नवे गॅसकेट टाकून भागणार नव्हते, कारण वारंवार तापलेले हेड वाकलेले असू शकते. सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचे माप) लावून ते तपासले, वाकलेले निघाल्यावर मशीनवर सपाट करून घेतले आणि हेड बोल्ट नवे टाकून ठरलेल्या क्रमाने आवळले. बोअरच्या जड पाण्याने आत क्षार साचतात, म्हणून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले आणि गाडीचे तोंड चढाकडे ठेवून अडकलेली हवा काढली. राखीव बाटलीवर मी पेनाने रेघ मारली असून रोज सकाळी, इंजिन थंड असताना, पातळी तिच्याशी ताडून पाहतो; आज पंचविसावा दिवस आहे आणि कूलंट अजून रेघेवरच आहे.