जुळे सोलापुरातला खाऱ्या पाण्याचा टँक: दगड हलवायचा दिवस

हा चार फुटी फिश टँक जुळे सोलापुरातल्या एका फ्लॅटच्या हॉलमधला. समुद्र म्हटला तर कोकणात, मध्ये अख्खा सह्याद्री, त्यामुळं यातला समुद्र सगळा घरी बनवलेला, आरओचं पाणी आणि पिशवीतलं मीठ. मीठ म्हणजे आमटीतलं नाही हां, रीफ सॉल्ट, त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं मापात असतं.

आज यातले दगड हलवायचेत. मागच्या काचेला टेकून नुसती भिंत झालीय, तिच्यामागं पाणी फिरत नाही, माशांची घाण आणि उरलेलं खाणं तिथंच साचतं आणि नायट्रेट वाढत राहतं. बघणाऱ्याला वाटतं पाच मिनिटांचं काम, पण हे दगड शोभेचे नाहीत, यांच्या छिद्राछिद्रांत बॅक्टेरिया बसलेत जे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात, म्हणजे टँकचा खरा फिल्टर हाच. बाहेर काढून नळाखाली धुतले आणि उन्हात ठेवले की फिल्टर गेला.

आणि हो, हे समुद्रातून तोडून आणलेले नाहीत. रीफ, म्हणजे समुद्रातली प्रवाळांची भिंत, बांधणारे दगडी कोरल (प्रवाळ) आपल्याकडं 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या यादीत. इथले दगड बनवलेले, कोरडे आणलेले, पाण्यात राहून राहून जांभळे झालेत, आणि वर मश्रूम, झोआ असले मऊ कोरल, दुसऱ्या हौशी लोकांच्या टँकमधून आलेले तुकडे.

सोलापुरात या कामाचा मुहूर्त पाण्यावर ठरतो. नळाला रोज पाणी नाही, येतं ते आरओतून काढायचं, त्यात बरंचसं वाया जातं (ते फरशी पुसायला), मग ड्रममध्ये मीठ घालून आदल्या दिवसापासून पंप लावून फिरवत ठेवायचं. रिफ्रॅक्टोमीटरवर (पाण्याचा खारटपणा मोजायचं यंत्र) 1.025 आलं पाहिजे आणि तापमान टँकएवढंच, 25-26 डिग्री. मे महिन्यात बाहेर 42-43 असताना ड्रम गॅलरीत ठेवला तर पाणी आंघोळीचं होतं, म्हणून ड्रम घरात, पंख्याखाली. हे पाणी तयार नसेल तर दगडाला हात लावायचा नाही. मध्येच काही बिघडलं आणि पाणी बदलायची वेळ आली तर काय करणार, समुद्राचा टँकर मागवणार?

हीटर, पंप, वेव्हमेकर (टँकमध्ये लाटा करणारं यंत्र), सगळ्यांचे प्लग काढलेत. पाण्याची पातळी खाली गेली आणि हीटर चालू राहिला तर त्याची काच तडकते, आणि करंटचं तर सांगायलाच नको.

हातात लांब ग्लोव्हज, डोळ्यांना चष्मा. ही स्टाइल नाही, काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन नावाचं जबरदस्त विष असतं, कापलेल्या बोटातून किंवा डोळ्यात उडून अंगात जाऊ शकतं. असला दगड टँकबाहेर नेऊन ब्रशनं घासायचा नाही आणि उकळायचा तर अजिबात नाही. वाफेतून ते श्वासात जातं, बाहेरच्या देशांत यामुळं अख्खी घरं दवाखान्यात अॅडमिट झालीत. या एका गोष्टीत जुगाड नको.

आता हे जवळून बघा. दगड पाण्यात असताना हलका वाटतो, पण पृष्ठभागाच्या वर आला की सगळं वजन मनगटावर येतं, आणि तो सुटला तर खालची काच फुटू शकते. म्हणून एक हात खालून. लगेच बादलीत पण टाकायचा नाही, टँकच्या वरच थोडा वेळ धरायचा, बघा, छिद्रातून कोळंबी टपकन परत पाण्यात. "हळू बे, वाळू उठायलीय!" हा मागून धाकट्या भावाचा आवाज, आणि त्याचं बरोबर आहे. जाड वाळूच्या तळाशी काळा थर दिसला आणि सडक्या अंड्याचा वास आला तर तो हायड्रोजन सल्फाइड, ती जागा उकरायची नाही, थर आहे तसा राहू द्यायचा. बादलीतही टँकचंच पाणी, दगड बुडलेला पाहिजे, स्पंज चिकटलेले असतील तर ते हवेत मरतात.

परत लावताना मोठे दगड वाळूवर नाही, वाळू बाजूला करून थेट काचेवर, अलगद. नाहीतर गोबी मासे, पिस्टल श्रिंप ही कोळंबी खालून खणत राहतात आणि एक दिवस डोलारा खाली. मागच्या काचेपासून हात जाईल एवढी जागा सोडलीय. प्रत्येक दगड बसवला की हलवून बघायचा, डगमगला तर काढून परत.

खालचा कोरल एकदम वर लाइटखाली आला तर पांढरा पडू शकतो, म्हणून लाइट कमी करून ठेवलाय, रोज थोडा वाढवायचा. डॅमसेल मासा गोंधळलाय, त्याचा एरिया मोडलाय ना. काही लोक नवीन मासा सोडायच्या आधी मुद्दाम दगड हलवतात ते याचसाठी, जुन्याची दादागिरी मोडते.

प्लग परत लावले, फिल्टरची लोकर नवीन, ड्रममधलं पाणी घालून साधारण 15-20 टक्के बदल. खाणं दोनचार दिवस कमी, अमोनियाची टेस्ट रोज. आकडा वर दिसला की परत पाणी बदल, म्हणून दुसरा ड्रम आत्ताच फिरायला लावलाय.