चुकलेलं उत्तर ऐकायला शिकताना

(दृश्य : प्रयोगशाळेतलं टेबल. एक विद्युतघट, टॉर्चचा छोटा दिवा, तारेचा एक तुकडा.)

घट, दिवा आणि एकच तार. एवढ्यावर दिवा पेटवून दाखवायचा.

विज्ञान शिक्षक होण्यासाठी आलेल्या पदवीधरांपुढे पहिल्याच आठवड्यात हे साहित्य ठेवून बघावं. काहींना ते चटकन जमतं. काही जण मात्र तारेचं एक टोक घटाला आणि दुसरं दिव्याच्या बुडाला लावतात, आणि दिवा का पेटत नाही म्हणून पुन्हा पुन्हा घटच बदलून बघतात. ओहमचा नियम त्यांना तोंडपाठ असतो. परिपथाची अवघड गणितं त्यांनी परीक्षेत सोडवलेली असतात. पण दिव्याला दोन जोडजागा असतात, एक बुडाचा टिंब आणि दुसरी बाजूची धातूची कड, आणि परिपथ या दोन्हींतून गेला तरच पूर्ण होतो, हे दिवा हातात धरून त्यांनी कधी पाहिलेलंच नसतं.

त्या पदवीधरांना यात लाज वाटण्यासारखं काही नाही. त्यांच्या वर्गातली मुलं उद्या नेमकी हीच जोडणी करणार आहेत. ती अशी का करतात हे ज्याला आतून समजलं, त्याची तयारी सुरू झाली.

लाटांवर, पेशींवर, मूलद्रव्यांवर प्रभुत्व असलेली माणसं वर्गात अडखळतात, हे सगळ्यांनीच पाहिलंय. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ साली या अडखळण्याकडे नेमकं बोट दाखवलं. शिक्षकाला विषय यायला हवा आणि अध्यापनाच्या पद्धतीही यायला हव्यात. पण या दोन्हींच्या सांध्यावर आणखी एक ज्ञान असतं, असं त्यांनी मांडलं. हा घटक कोणत्या उदाहरणाने उलगडतो, कोणत्या क्रमाने मांडला तर पचतो, आणि मुलं हमखास कुठे अडकतात, हे ते ज्ञान. शास्त्रज्ञाला त्याची गरज पडत नाही. शिक्षकाला त्याच्यावाचून एक तासही काढता येत नाही.

(दृश्य : शाळेचा व्हरांडा. एक छात्राध्यापिका आणि एक विद्यार्थी समोरासमोर बसले आहेत. मध्ये कुंडीतलं रोप आणि मूठभर सुकं लाकूड.)

प्रशिक्षणातलं एक काम दिसायला अगदी साधं असतं. एका विद्यार्थ्याशी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं. शिकवायचं काहीच नाही, फक्त विचारायचं. झाडाचं हे एवढं लाकूड आलं कुठून?

‘‘मातीतून,’’ मुलगा सांगतो. ‘‘मुळं माती शोषून घेतात.’’

इथे छात्राध्यापिकेचे ओठ हलतात. ‘नाही’ हा शब्द जिभेवर येऊन थांबलेला असतो, आणि तो गिळायचा, हाच या कामातला अभ्यास. तिने पुढचा प्रश्न विचारायचा असतो : मग कुंडीतली माती दरवर्षी किती कमी व्हायला हवी? मुलगा कुंडीकडे बघतो. आता तो खरोखर विचार करायला लागलेला असतो.

या उत्तराला मोठा इतिहास आहे. यान बाप्टिस्टा व्हॅन हेल्मॉन्ट या फ्लेमिश वैद्याने सतराव्या शतकात हाच प्रश्न तराजूवर घातला. त्याने २०० पौंड सुकवलेली माती कुंडीत भरली, त्यात ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड झालं १६९ पौंडांचं. माती घटली सुमारे दोन औंस. त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली, हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. माती नाही, हे त्याने सिद्ध केलं. मग उरलं पाणी, असा त्याचा निर्वाळा. तो अर्धाच बरोबर होता. झाडाच्या वाढीतला मोठा वाटा हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचा असतो. आणि लाकडाचा कोळसा जाळून निघणाऱ्या वायूचा अभ्यास याच व्हॅन हेल्मॉन्टने केला होता! उत्तर त्याच्या स्वतःच्याच प्रयोगशाळेत होतं, पण दोन धागे जुळले नाहीत.

विज्ञानाचा इतिहास प्रशिक्षणात का हवा, याचं याहून चांगलं कारण मला माहीत नाही. ‘मातीतून’ म्हणणारा मुलगा अडाणी नाही, तो माणसांच्या एका जुन्या आणि समजूतदार अंदाजावर उभा आहे, हे ज्या शिक्षकाला ठाऊक असतं, त्याचा आवाजच बदलतो.

असे अंदाज जवळपास प्रत्येक घटकात सापडतात. वर फेकलेला चेंडू वर जात असताना त्याच्यावर वरच्या दिशेने बल असतंच, असं मुलांना वाटतं. दिव्यात वीज ‘संपते’ असं वाटतं. पृथ्वी सूर्याजवळ आली की उन्हाळा होतो, असं वाटतं. यातल्या शेवटच्या समजुतीला आकडे देऊन उत्तर देता येतं : पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. आणि सर्वांत दूर जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर. पण आकडा ऐकून समजूत हलेलच असं नाही. मुलं तो परीक्षेपुरता लक्षात ठेवतात आणि जुनी कल्पना आतल्या खणात जपून ठेवतात. त्यापेक्षा एक प्रश्न जास्त काम करतो. उत्तर गोलार्धात उन्हाळा असतो, तेव्हा दक्षिणेत हिवाळा कसा? सगळी पृथ्वीच जवळ आली असेल, तर दोन्हीकडे एकदमच उकडायला हवं. इथे मुलाला स्वतःच्याच कल्पनेतली भेग दिसते, आणि मग पृथ्वीच्या कललेल्या आसाबद्दल सांगितलेलं त्याला हवंसं वाटतं.

मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनी १९६८ साली लिहिलं होतं की, शिकण्यावर सर्वांत जास्त परिणाम करणारी एक गोष्ट निवडायची झाली, तर ती म्हणजे शिकणाऱ्याला आधीपासून काय माहीत आहे. ते शोधा आणि त्यानुसार शिकवा. पाठ टाचणाच्या, म्हणजे तासाच्या लेखी आराखड्याच्या, पहिल्या रकान्यात ‘पूर्वज्ञान’ लिहायचं असतं ते याचसाठी. दुर्दैवाने तो रकाना बहुतेक वेळा मुलांशी न बोलताच भरला जातो.

(दृश्य : सूक्ष्म अध्यापन. पाच-सहा छात्राध्यापक विद्यार्थी झाले आहेत, एक जण फळ्यासमोर.)

सूक्ष्म अध्यापनाची पद्धत स्टॅनफर्ड विद्यापीठात १९६०च्या दशकात आकाराला आली. पाच-दहा मिनिटांचा पाठ, एकच कौशल्य, लगेच अभिप्राय आणि पुन्हा पाठ. फलकलेखन, दिग्दर्शन म्हणजे प्रयोग करून दाखवणं, उदाहरण देणं. ही कौशल्यं सरावाने येतात आणि बहुतेकांना येतातही.

प्रश्न विचारण्याच्या कौशल्यापाशी मात्र थांबायला हवं. मेरी बड रो या संशोधिकेने १९७०च्या दशकात विज्ञानाच्या तासांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी किती वेळ थांबत होते? सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर ते प्रश्न दुसऱ्याकडे वळवत किंवा स्वतःच उत्तर देऊन मोकळे होत. शिक्षकांनी हीच वाट पाहण्याची वेळ तीन सेकंदांपर्यंत किंवा त्याहून पुढे नेली, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, एरवी गप्प बसणारी मुलं बोलू लागली, आणि मुलांकडून येणारे प्रश्नही वाढले.

आता तीन सेकंद आम्हीही बोलणार नाही.

(तीन सेकंद पूर्ण शांतता. कॅमेरा वर्गातल्या चेहऱ्यांवरून फिरतो.)

केवढा मोठा वाटला हा वेळ! चाळीस डोळे रोखलेले असताना तो आणखी लांबतो. नव्या शिक्षकाला वाटतं, शांतता म्हणजे आपला तास फसला. म्हणून तो ती भरून काढतो. मनात आकडे मोजत ती शांतता सोसायला शिकणं हा प्रशिक्षणाचा मोठा भाग आहे, आणि त्यासाठी सराव पाठ भरपूर मिळायला हवेत.

(दृश्य : प्रयोगशाळा. सूक्ष्मदर्शक, लंबक, चंचुपात्रं.)

प्रयोगशाळेत पहिला धडा सुरक्षिततेचा, आणि तो कारणासकट यायला हवा. तीव्र सल्फ्युरिक आम्ल पातळ करताना आम्ल थोडं थोडं करून पाण्यात ओतायचं. पाणी आम्लात कधीच ओतायचं नाही, कारण निघणाऱ्या उष्णतेने वरचं पाणी क्षणात उकळून आम्लासह अंगावर उडतं. ज्वालांचे रंग दाखवताना उघड्या ज्योतीजवळ बाटलीतून मिथेनॉल ओतल्यामुळे शाळकरी मुलं गंभीर भाजल्याच्या घटना घडल्या आहेत. क्षारांच्या पाण्यातल्या द्रावणात भिजवलेल्या लाकडी काड्या बर्नरच्या ज्योतीत धरल्या, तरी तेच रंग दिसतात. मुलांचे डोळे विस्फारावेत म्हणून कोणताही धोका पत्करायचा नाही. प्रत्येक प्रयोग आधी एकट्याने करून बघायचा, त्याच साहित्याने, त्याच खोलीत.

करून बघितल्यावरच कळतं की कांद्याच्या पापुद्र्याची काचपट्टी करताना आच्छादक काच सपाट टाकली, तर खाली हवेचे बुडबुडे अडकतात. सूक्ष्मदर्शकातून ते काळ्या कडांचे सुरेख गोल दिसतात आणि अर्धा वर्ग वहीत ‘पेशी’ म्हणून त्यांचंच चित्र काढतो. शिक्षकाने बाकाबाकांवरून फिरत वह्या पाहिल्या नाहीत, तर ती चित्रं तशीच राहतात.

लंबकाच्या प्रयोगात मुलं दोरी लांब करतात, त्याच वेळी गोळाही जड घेतात, आणि सांगतात की जड गोळा सावकाश झुलतो. इथे ‘एका वेळी एकच चल (बदलता येणारी गोष्ट) बदला’ अशी आज्ञा देऊन मोकळं होणं सोपं आहे. प्रशिक्षक सुचवतात वेगळं : दोन गटांचे उलटसुलट निष्कर्ष शेजारी शेजारी फळ्यावर लिहा आणि मुलांनाच भांडू द्या. एक मीटरच्या लंबकाला एका पूर्ण आंदोलनाला साधारण दोन सेकंद लागतात, गोळा हलका असो की जड. हे मुलांनी स्वतः मोजलं की वाद मिटतो, आणि चल नियंत्रित का करायचे हे वेगळं सांगावं लागत नाही.

भौतिकशास्त्राच्या पदवीधराला पेशीविभाजन शिकवावं लागतं आणि जीवशास्त्राच्या पदवीधराला भिंगांची सूत्रं, हेही इथेच बोलायला हवं. माध्यमिक वर्गांत विज्ञान हा बहुधा एकच विषय असतो. ज्या शाखेत आपण स्वतः कच्चे आहोत, तिथे शिक्षक पाठ्यपुस्तकाला चिकटतो आणि प्रश्न टाळतो. प्रशिक्षणात अशा जोड्या लावाव्यात : भौतिकशास्त्रवाल्याने जीवशास्त्राचा पाठ घ्यावा, आणि जीवशास्त्रवालीने मागे बसून तो तपासावा. दोघंही शिकतात, झपाट्याने.

(दृश्य : छात्रसेवाकाल, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याचा प्रशिक्षणाचा काळ. तास संपला आहे. मागच्या बाकावरचा मार्गदर्शक शिक्षक वही मिटतो.)

आणि मग प्रत्यक्ष शाळा. पाठानंतरची चर्चा अनेकदा अक्षर, आवाज आणि वेळेचं नियोजन यांवरच संपते. हे मुद्दे खरे आहेत, पण तपासायला सोपे आहेत म्हणूनच ते पुढे येतात. चांगला मार्गदर्शक वेगळं विचारतो. तिसऱ्या बाकावरची मुलगी काय म्हणाली, आठवतं का? तिने तसं का म्हटलं असेल? पहिल्या पाठानंतर बहुतेकांना काहीच आठवत नाही. सगळं लक्ष स्वतःकडे आणि टाचणाकडे लागलेलं असतं. काही आठवड्यांनी मात्र छात्राध्यापक मुलांची वाक्यं जशीच्या तशी सांगू लागतात.

जपानमध्ये शंभराहून अधिक वर्षं शिक्षक ‘पाठ अभ्यास’ करत आले आहेत. काही जण मिळून एक पाठ आखतात, एक जण तो शिकवतो, बाकीचे वर्गात उभे राहून मुलं काय करतात, काय बोलतात याच्या नोंदी घेतात. चर्चा होते ती पाठाची आणि मुलांच्या विचारांची. काही वेळा तो पाठ सुधारून पुन्हा घेतला जातो, दुसऱ्या वर्गावर. यात नवखा आणि मुरलेला शिक्षक एकाच टेबलाशी बसतात, म्हणून पदवी मिळाल्यावरही शिकणं सुरू राहतं. नोकरीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, जेव्हा तासिका भरपूर आणि आधार कमी असतो, तेव्हा प्रत्येक विज्ञान शिक्षकाला असं टेबल मिळालं पाहिजे. आठवड्यातली एक तासिका त्यासाठी राखून ठेवावी, ती वेळापत्रकात छापलेली असावी, आणि बदली तासासाठी कुणी ती मागू नये.