नागपूरचा समुद्र

‘भोसल्यांचा समुद्रकिनारा’ हा विषय जाहीर झाल्यापासून रोज कुणीतरी विचारतं, नागपूरला कुठला समुद्र, फुटाळा तलावावर बोलणार का? मंडळी, आपण नागपूरच्या महाल भागात बसलो आहोत. भोसल्यांचा वाडा इथून हाकेच्या अंतरावर आहे. १७५१ ते १८०३, तब्बल बावन्न वर्षं, ओडिशातला पुरी-बालासोरचा किनारा याच घराण्याच्या ताब्यात होता. तो कसा गेला हे सांगायचं आहे. पण त्याआधी कोकणातल्या खांदेरी बेटावर जावं लागेल.

१६७९चा पावसाळा सरत होता. अलिबागजवळच्या थळच्या समोर समुद्रात हे ओसाड बेट. शिवाजी महाराजांनी आपल्या आरमारातल्या मायनाक भंडारीला तिथं पाठवलं आणि तट बांधायला घेतला. मुंबईचे इंग्रज हादरले, कारण मुंबई बंदरात शिरणारं प्रत्येक गलबत त्या बेटावरून दिसतं. त्यांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. आता गंमत बघा. मोठ्या जहाजाला वारा लागतो आणि खाली खोल पाणी लागतं. आपल्या होड्या वल्ह्यांवर चालायच्या, उथळ पाण्यातून, खडकांच्या मधून. रात्री किनाऱ्यावरून सामान निघायचं आणि बेटावर पोचायचं. इंग्रजांच्या तोफा होत्या तिथंच, आणि तट वर चढतच होता.

१८ ऑक्टोबरला पहाटे महाराजांचा सरदार दौलतखान याचं आरमार नागावच्या खाडीतून बाहेर पडलं. इंग्रजांच्या ‘डव्ह’ जहाजाने निशाण उतरवलं, ती आपल्या हाती लागली. कॅप्टन केग्विनची ‘रिव्हेंज’ मात्र एकटी उभी राहून लढली आणि तिनं आपल्या आरमाराला परत खाडीत रेटलं. हेही सांगायला हवं. ते आपलेच विरोधक होते म्हणून त्यांचं शौर्य लपवायचं नाही. ती लढाई कुणी जिंकली यावर आपल्याकडे पुष्कळ वाद होतात. मी म्हणतो, लढाईनंतरच्या रात्रीही होड्या निघाल्या का, एवढंच बघा. निघाल्या. म्हणून खांदेरी राहिली. पुढे १६८०च्या जानेवारीत जंजिऱ्याच्या सिद्दीनं शेजारचं उंदेरी बेट बळकावलं आणि दोन बेटं समोरासमोर तोफा डागू लागली, तरीही राहिली.

इथं मला एक सल बोलून दाखवू द्या. मागे घरच्यांना घेऊन सिंधुदुर्ग बघायला गेलो होतो. होडीवाल्यानं पाऊण तास दिला. महाराजांच्या हातापायाचे ठसे, मंदिर, फोटो, चला परत. शिसं ओतून बसवलेला तो पाया, वळणाआड दडवलेला तो दरवाजा, यांच्यापुढे कुणी क्षणभर थांबेना. १६६४च्या नोव्हेंबरात कुरटे बेटावर सुरू झालेलं ते काम! माझी नात विचारत होती, लाटांनी भिंत पडत नाही का? तिला तिथंच दाखवायचं होतं, वेळ मिळाला नाही. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात तर चुनाच नाही. प्रचंड चिरे नुसते एकावर एक रचलेत. लाट आपटते, पाणी फटींत शिरतं आणि जोर तिथंच मरतो. १७२१मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज दोघं मिळून त्यावर चालून आले आणि हात हलवत परतले.

चिठ्ठी आली आहे, दहा मिनिटं उरली म्हणे. मग ओडिशा झरझर सांगतो.

भोसल्यांकडे घोडदळ होतं, आरमार नव्हतं. पाण्याची जाण मात्र त्या मुलखात भरपूर होती. हुगळीत शिरण्यासाठी इंग्रजांची जहाजंसुद्धा बालासोरपुढे नांगर टाकून वाटाड्याची वाट बघत. त्या माणसांना हाताशी धरून भोसल्यांनी होड्या उभ्या केल्या नाहीत, आणि माझं सगळं म्हणणं एवढंच आहे.

१८०३मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटलं. भोसल्यांची मुख्य फौज इकडे दख्खनमध्ये, असईला गुंतलेली. दक्षिणेकडच्या गंजामहून निघालेली इंग्रज फौज चिल्का सरोवर आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या चिंचोळ्या पट्ट्यावरून आली. माणिकपाटणाला सरोवराचं मुख ओलांडावं लागतं. डोळ्यांसमोर आणा, फौज अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे, मधे पाणी. मायनाकाच्या वीस होड्या तिथं असत्या तर! एकही नव्हती. १८ सप्टेंबरला पुरी गेली, त्याच आठवड्यात समुद्रातून उतरलेल्या तुकडीनं बालासोर घेतलं, १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला पडला. त्याचा खंदक रुंद, तट भक्कम, पण तोवर किनारा हातातून गेलेला. १७ डिसेंबरला देवगावच्या तहावर सही झाली आणि किनारा कायमचा इंग्रजांकडे गेला.

मागच्या टेबलावर नकाशा ठेवलाय. माणिकपाटणावर लाल खूण केली आहे. ती आधी बघा आणि मग प्रश्न विचारा.