भरतीच्या जागी ओहोटी दाखवणारं माझं ॲप

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओत पाच सेकंद माझ्या लाटांच्या ॲपचा स्क्रीन काय दिसला, तेव्हापासून कमेंटमध्ये एकच घोषा: दादा, कसं बनवलं? तर आज तेच.

सोपं आधी उरकतो. फ्लटर, म्हणजे ॲप बनवायचं गूगलचं साधन, त्यात एक स्क्रीन. समुद्राचे अंदाज फुकट देणाऱ्या सेवा नेटवर आहेत. अक्षांश-रेखांश पाठवायचे, तासातासाची लाटेची उंची, पिरियड (दोन लाटांमधलं अंतर, सेकंदांत), दिशा परत येते, आलेख काढायचा, झालं. भरतीच्या वेळा महिनाभराच्या फोनमध्येच साठवा, आपल्या किनाऱ्यावर रेंजचा काय भरवसा? आणि हैदराबादच्या इन्कॉइसचा, म्हणजे सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा, उंच लाटांचा इशारा असेल, तर तो सगळ्यात वर, लाल रंगात. आपला आलेख कितीही देखणा असो, तो त्याच्या खाली.

एकाने लिहिलंय, "ॲप दीड मीटर म्हणतं, मी अडीचची लाट बघितली, नुसती फेकाफेकी." अहो, तो आकडा सगळ्यात मोठ्या लाटेचा नसतोच! लाटा उंचीने लावा, वरचा एक तृतीयांश घ्या, त्यांची ती सरासरी. मधूनच एखादी जवळपास दुप्पट येणारच. आणि नुसती उंची काय बघता, पिरियड बघा. 6 सेकंदांची एक मीटर म्हणजे जवळच्या वाऱ्याची खळबळ. 14 सेकंदांची एक मीटर म्हणजे लांबच्या महासागरातून आलेली, अंगात जोर असलेली लाट. असो, तो वेगळा व्हिडिओ होईल.

आता मुद्द्याचं. साडेपाच तास.

तुम्ही वेगळं मागितलं नाहीत, तर बऱ्याच सेवा ग्रीनिचची वेळ पाठवतात. त्या वेळेला कधीकधी शेपूटच नसतं, म्हणजे ही वेळ कुठली, ते लिहिलेलंच नसतं. फोन बिचारा समजतो, इथलीच. आता गंमत बघा. आपण ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे. आणि भरतीपासून ओहोटीपर्यंत किती? साधारण सव्वासहा. म्हणजे आलेख जवळजवळ उलटा होतो! भरतीच्या जागी ओहोटी. आणि दिसतो मात्र झकास. तापमान साडेपाच तासांनी चुकलं, तर भर दुपारी गारठा दिसतो, लगेच कळतं. भरतीचा आलेख उलटा असला तरी तसाच वरखाली होत राहतो, संशय येणार कसा?

मला तरी कुठे आला? पुण्याहून मित्र आलेला, गाडीच्या टपावर सर्फिंगचा बोर्ड बांधून. ॲप म्हणालं, सकाळी 8 ला पूर्ण भरती. मालवणच्या बाजूची जागा. पाणी भरलं की खडपं झाकली जातात, आणि सकाळच्या मतलई, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे जाणाऱ्या, वाऱ्यात लाट कशी, इस्त्री केल्यासारखी येते. पोचलो, तर सगळी खडपं उघडी आणि बायका कालवं काढतायत. तिथे एक तात्या जाळं शिवत बसलेले. म्हणाले, "खय चाललात रे झिलांनो?" म्हटलं, तात्या, भरती आहे ना? "आज बीज. दोन पाऊणे दीड. दीडाक भरती. आता कसला पाणी?"

तिथीची पाऊणपट! पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर तिथी एकपासून मोजायची, पाऊणने गुणायची, भरतीची वेळ निघते. अष्टमीला सहा. अगदी मिनिटाला नाही, खाडीत आत तर पाणी आणखी उशिरा पोचतं, पण माझ्या ॲपपेक्षा बरं. दीड वाजता म्हणजे ग्रीनिचचे 8. माझे 8! मित्र अजून त्यावरून बोलतो. त्या दिवशी आम्ही पोहे खाल्ले आणि परत आलो.

चूक सुधारली, व्हिडिओ टाकला, तर कुवेतहून कमेंट: "दादा, रत्नागिरीची भरती अडीच तास आधी दाखवते." बरोबर आहे! ग्रीनिचवरून मी फोनच्या घड्याळाची वेळ करत होतो आणि त्याचा फोन कुवेतच्या वेळेवर. आमचं निम्मं गाव आखातात, हे मलाच सुचू नये? समुद्र रत्नागिरीचा, तर घड्याळही रत्नागिरीचंच. कोडमध्ये टाइमझोन एशिया-कोलकाता असा ठोकून लिहा, फोनला विचारूच नका.

वाऱ्याच्या बाणाचं विचारणाऱ्यांना एका वाक्यात सांगतो. वाऱ्याची दिशा म्हणजे तो येतो कुठून, प्रवाहाची म्हणजे तो जातो कुठे. दोघांना एकच बाण लावलात, तर मी ओरडणार.

आता माझ्या तपासणीत तात्याच आहेत. कोड तिथी काढतो, पाऊणने गुणतो, आणि आलेखातली भरती त्यापासून दोन तासांहून लांब असली, की नवं ॲप बाहेर पडतच नाही. ते गणित तुमच्याकडे जमतं का, ते मला बघायचंय. गाव, तिथी आणि पाणी पूर्ण भरल्याची घड्याळातली वेळ कमेंटमध्ये लिहा. आखातातल्यांनी घरी फोन करून विचारा, आणि ती वेळ इथलीच लिहा, कृपा करून.